लिनक्स संगणक सुरू न झाल्यास : दोषस्थान कसे ओळखावे

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होईनासा झाला, की ‘फॉर्मॅट करून टाका’ हा सल्ला महाविद्यालयांत फार लवकर दिला जातो. विद्यार्थ्यांचे प्रकल्प व अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याच डिस्कवर आहेत, याचा त्या घाईत विसर पडतो. वस्तुतः पुष्कळदा माहिती सुरक्षित असते. प्रारंभाची साखळी तेवढी तुटलेली असते. ती कोठे तुटली, हे पडद्यावरील शेवटच्या ओळींवरून समजते.

या साखळीत प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर, मग ग्रब हा बूटलोडर, त्यानंतर कर्नल व तात्पुरती ‘इनिट-रॅम-एफएस’ आणि शेवटी सिस्टिमडी असा क्रम असतो. ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे दिसल्यास ग्रबला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत, असे समजावे. लाइव्ह पेन-ड्राइव्हवरून तो पुन्हा बसविता येतो.

तुळिंज परिसरात पावसाळ्यात अवचित वीज जाणे नवे नाही. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली, तरी एक्स्ट-४ ही फाइल-प्रणाली सहसा सावरते. बदलाची नोंद ती आधी जर्नलमध्ये करते (आपल्या व्यापाऱ्याची कच्ची वहीच म्हणा ना!) आणि पुढील वेळी अपुरी नोंद निकालात काढते. तेवढ्याने न भागल्यास संगणक ‘इनिट-रॅम-एफएस’च्या ओळीवर थांबतो. तेथे एफएससीके ही आज्ञा चालवावी; मात्र जोडलेल्या, म्हणजे माउंट केलेल्या, विभागावर ती कदापि चालवू नये. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर दुरुस्तीपूर्वी डीडीरेस्क्यूने तिची प्रत घ्यावी.

दीर्घ सुटीनंतरचा एक दोष मात्र फसवा असतो. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली, की जुन्या यंत्रांत घड्याळ मागे जाते आणि फर्मवेअरची मांडणी मूळपदावर येते. बूटची पद्धत बदलल्याने ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो व डिस्क निकामी ठरविली जाते. आमच्या प्रयोगशाळेत असा एक संगणक भंगारात निघाला होता. नवी बॅटरी घालून मांडणी पूर्ववत करताच तो चालू झाला.

सिस्टिमडी सुमारे ९० सेकंद थांबून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये गेल्यास एफएसटॅब ही फाइल पाहावी. काढून टाकलेल्या डिस्कची नोंद तीत बहुधा तशीच राहिलेली असते.