आजीच्या लुगड्याला पायऱ्या

काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भाचीनं घरच्या संगणकावर ४० सेकंदांचा एक ॲनिमेशनपट केला. गोष्ट साधी होती. एक आजी हापशावरून पाणी आणते. सेकंदाला २४ चौकटी लागतात. आम्ही एकेक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी ४८० चित्रं झाली. भाचीची सगळी सुटी त्यात गेली. पुढे हा चित्रपट सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं आणि पहिल्याच चाचणीत आजीच्या लुगड्याच्या काठाला पायऱ्या पडलेल्या दिसल्या. भाची काहीच बोलली नाही.

चूक माझी होती. ‘पेन्सिल टूडी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नवा थर, म्हणजे लेयर, घेताना तो बिटमॅप हवा की व्हेक्टर हे आधी ठरवावं लागतं. मी विचार न करता सगळीकडे बिटमॅप घेतला आणि कॅमेऱ्याची चौकट ठेवली ६४० बाय ४८० ठिपक्यांची.

दोन्हींतला फरक रांगोळीवरून सांगतो. अंगणात घातलेली रांगोळी म्हणजे बिटमॅप. एकेक कण आपापल्या जागी पडलेला असतो. रंग मिसळा, बोटानं पुसा, सगळं जमतं. पण तीच रांगोळी ताणून मोठी करता येत नाही. व्हेक्टर म्हणजे रांगोळीच्या वहीतली कृती. इतके ठिपके, हा त्याला जोडा, इथे वळण घ्या. ती उंबऱ्यापाशी वापरा नाहीतर पटांगणात, रेषा दरवेळी नव्यानं आणि नेमकी निघते.

आमच्या चौकटीत ३,०७,२०० ठिपके होते. १९२० बाय १०८० च्या पडद्याला लागतात २०,७३,६००, म्हणजे पावणेसात पट! उरलेले ठिपके संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून भरतो. म्हणून त्या पायऱ्या.

मग मी आजी व्हेक्टरमध्ये काढून पाहिली. रेषा स्वच्छ आली, पण भाची म्हणाली, “मामा, ही आपली आजी नाही.” तिचं बरोबर होतं. व्हेक्टर हाताची रेषा मोजक्या बिंदूंत बसवतो. त्यात पेन्सिलीची खर आणि हाताची बारीक थरथर निघून जाते. आजीचं म्हातारपण त्या थरथरीतच होतं.

शेवटी आम्ही वाटणी केली. हापसा, कळशी आणि अक्षरं व्हेक्टर थरांवर घेतली. तिथे एक सोयही मिळाली. रंगपेटीतला पितळी रंग एकदा बदलला, की सगळ्या चित्रांतली कळशी बदलते. आजी आणि मागचं आभाळ बिटमॅपवरच ठेवलं, मात्र चौकट पहिल्यापासून मोठ्या पडद्याच्या मापाची. आजीची चित्रं भाचीनं पुढच्या सुटीत पुन्हा काढली.

तेव्हापासून नवं काम घेताना मी दोन प्रश्न आधी विचारतो. हे चित्र जास्तीत जास्त किती मोठं दिसणार आहे? आणि त्यात काढणाऱ्याचा हात दिसायला हवा का? थर त्यानंतर निवडतो. दोन मिनिटांचा हा विचार मी वेळेवर केला असता, तर एका मुलीची दुसरी सुटी वाचली असती.