तिसऱ्या घंटेपूर्वीचे वेळापत्रक

नाटकास आरंभ तिसऱ्या घंटेने होतो, असे प्रेक्षकांस वाटते. वस्तुतः तो कित्येक तास आधी रंगपटात झालेला असतो. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत कालिदासाचा सूत्रधार नेपथ्याकडे पाहून, वेषरचना आटोपली असल्यास नटीने बाहेर यावे, असे सुचवितो. प्रत्यक्ष सूत्रधारासही नटीच्या तयारीकडे डोळे लावून बसावे लागते, हे कविकुलगुरूंस पुरते ठाऊक होते!

गणेशोत्सवात आपल्या घरची मुलेमाणसे नाटक करितात, तेव्हा चालकांची आज्ञा बहुधा एकच असते : सर्वांनी साडेपाचास हजर राहावे. ही आज्ञा दिसावयास समतेची. परंतु तिचा हिशेब करून पाहावा. खेळ रात्री ८ वाजता, पात्रे ६, रंगभूषाकार एक आणि प्रत्येकास २० मिनिटे, असे धरू. पहिला लगेच खुर्चीवर बसतो. दुसरा २० मिनिटे तिष्ठतो, तिसरा ४० आणि सहावा १००. बेरीज ३०० मिनिटे, म्हणजे तब्बल ५ तास! तेवढ्या अवधीत मुले पेंगुळतात, मोठी माणसे चिडतात आणि पाठ केलेली भाषणे गप्पांत विरून जातात.

यास उपाय सोपा आहे. पडदा उघडण्याच्या वेळेपासून मागे मोजीत यावे व प्रत्येकास त्याच्या पाळीआधी दहा मिनिटे बोलवावे. क्रम मानावर नव्हे, कामावर ठरवावा. केरळातील कथकलीत ‘पच्च’ पात्राच्या चेहऱ्याभोवती पांढरी ‘चुट्टी’ बसविताना नटास उताणे निजून राहावे लागते, आणि सारी रंगभूषा होण्यास तीनचार तास लागतात. ‘मिनुक्कु’ पात्राचे काम त्या मानाने लवकर उरकते. दोघांस एकच वेळ देणे हा न्याय नव्हे. आपल्याकडेही दाढी चिकटवावयाचा वृद्ध, टोप घालावयाचा राजा यांस प्रथम घ्यावे. पेटी-तबलेवाल्यांसही सूर जुळविण्यापुरता अवधी राखून बोलवावे. घरचे स्वयंपाकपाणी आवरून येणाऱ्या सूनबाई आणि कचेरीतून परस्पर येणारे चिरंजीव यांची पाळी उशिराची असावी. बालकास सर्वांच्या शेवटी रंगवावे, म्हणजे तोंडावर रंग घेऊन ते झोपी जाणार नाही.

मात्र एक मर्यादा सर्वांस सारखी असलीच पाहिजे. इंग्लंडातील नाट्यगृहांत पडदा उघडण्यापूर्वी ३५ मिनिटे ‘अर्ध्या तासा’ची सूचना देण्याची वहिवाट आहे, तोवर प्रत्येक नट नाट्यगृहात पोहोचलेला असावा लागतो. मग त्याचा प्रवेश तिसऱ्या अंकात का असेना! आपल्या हिशेबाने ही वेळ ७ वाजून २५ मिनिटांची येते. शेवटच्या पात्राची रंगभूषा ७॥ वाजता संपते. उरलेला अर्धा तास वस्त्रे नीट करण्यास आणि मन स्थिर करण्यास पुरतो.

असे वेळापत्रक कागदावर लिहून दोन दिवस आधी प्रत्येकाच्या हाती द्यावे. ज्यास तीनच वाक्ये आहेत, त्याचाही वेळ नायकाच्या वेळेइतकाच मोलाचा आहे, हे त्यावरून त्यास न सांगता कळते. आणि ज्याचा मान राखला गेला, तो सहसा उशीर करीत नाही, असा आमचा शाळेतील उभ्या हयातीचा अनुभव आहे.