चालतें घर : लहान कीं मोठें?

सुटी जवळ आली म्हणजे घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें? आमच्या घरीं गेल्या नाताळच्या सुटींत हा प्रश्न निराळ्याच रूपानें पुढें आला. आमच्या मातुश्रींचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचें माहेर अकोले तालुक्यांत, राजूरच्या पलीकडे डोंगरांत आहे. "एकदां तें घर पाहीन, मग कोठें जावयास नको," असें त्या वर्षभर म्हणत होत्या. परंतु त्यांचे गुडघे धरलेले. तासा-दीड तासानें लघुशंकेस जाणें अवश्य. आणि नगरहून सुमारें दीडशे किलोमीटरांच्या त्या वाटेवर वृद्ध स्त्रीस निर्धास्तपणें जातां येईल अशीं ठिकाणें थोडीं. म्हणून चार दिवसांकरितां भाड्यानें एक चालतें घर घ्यावें असें ठरलें. अशीं घरें दोन प्रकारचीं असतात. त्यांतून एकाची निवड करतांना आम्हांस जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पहिला प्रकार कॅम्पर व्हॅनचा. साध्या व्हॅनच्या मूळ सांगाड्यांतच पलंग, शेगडी व लहानशी पाण्याची टाकी बसविलेली असते. हिची लांबी सामान्यतः पांच ते सहा मीटर. दुसरा प्रकार मोटरहोमचा. बसच्या किंवा ट्रकच्या चासीवर जणूं एक स्वतंत्र खोलीच बांधलेली असते. लांबी सात मीटर व त्याहून अधिक. आंत ताठ उभें राहतां येतें, आणि न्हाणीघर व शौचकूप हीं आंतच असतात. पाहतांक्षणीं मन दुसऱ्याकडे ओढ घेतें. आमच्या नववींतील चिरंजीवांनीं तर वातानुकूलन यंत्र पाहूनच आपलें मत देऊन टाकलें.

ही कल्पना नवी नव्हे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या स्कॉटिश डॉक्टरांनीं 1885 सालीं 'वाँडरर' नांवाची दोन घोड्यांची गृहगाडी घेऊन इंग्लंडांतून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. 1910 सालीं अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कंपनीनें निजण्याची सोय असलेली मोटार लोकांपुढें मांडली. आपल्या राज्य सरकारनें 2021 सालीं अशा वाहनांच्या पर्यटनाविषयीं धोरण जाहीर केलें. परंतु लहान-मोठ्याचा धडा आमच्या नगरास त्याहूनही जुना आहे. 1707 सालीं औरंगजेब बादशहा येथेंच भिंगारच्या छावणींत मरण पावला. मोगल बादशहांची छावणी म्हणजे चालतें शहर. तंबूंचे दोन संच असत, एकांत बादशहा राही व दुसरा पुढच्या मुक्कामीं आधींच उभा होई. त्या छावणींत सुखसोय मोठी, पण हालचाल मंद. आणि थोड्या सामानानिशीं फिरणारा मराठा घोडेस्वार तिला सांपडत नसे. ओझें वाढलें कीं वाट कमी होते, हा नियम मोटारीसही लागू आहे.

आतां निवडीचे प्रश्न घेऊं. पहिला प्रश्न रस्त्याचा. नगर, राहुरी, लोणी, संगमनेर येथपर्यंत कोणतेंही वाहन सहज जाईल. अकोल्याच्या पुढें घाटवळणें लागतात, व भंडारदऱ्याच्या आसपासचे गांवरस्ते अरुंद आहेत. आम्हीं गांवच्या मामेभावास दूरध्वनि करून विनंति केली. त्यांनीं फितीनें मोजून कळविलें : शेवटच्या वळणावर दोन घरांमधील अंतर अडीच मीटर, आणि आंब्याची फांदी जमिनीपासून पावणेतीन मीटरांवर. आम्हीं पाहिलेलें मोटरहोम सव्वादोन मीटर रुंद व तीन मीटर उंच होतें. म्हणजे तें मुख्य रस्त्यावरच, घरापासून अर्ध्या किलोमीटरावर थांबणार. तरुणांस अर्धा किलोमीटर कांहींच नव्हे. गुडघे धरलेल्या आईस तो सारा प्रवास व्यर्थ करणारा होता. शिवाय उताराचा विचार आहे. वेग सारखा असतां सहा टनांच्या गाडींत तीन टनांच्या गाडीच्या दुप्पट गतिज ऊर्जा असते, व ती सर्व ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें सोसावी लागते. म्हणून जड गाडी घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें व हळू चालवावी लागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. माणशीं दररोज वीस लिटर धरले तर पांच माणसांस दोन दिवसांत दोनशें लिटर लागतात. एका लिटराचें वजन एक किलो. म्हणजे तीन प्रौढ माणसें आणखी बसविल्यासारखें झालें. मोठ्या गाडीची टाकी हें पाणी वाहूं शकते. लहान गाडींत साठ लिटरच मावत होते. परंतु जेथें मुक्कामीं नळ किंवा विहीर आहे, तेथें पाणी वाहून नेण्याचें कारण काय?

तिसरा प्रश्न विजेचा. हें गणित आम्हीं चिरंजीवांकडूनच करवून घेतलें. बारा व्होल्टची शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे 1200 वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करणें तिच्या आयुष्यास हितकर नसतें; म्हणून हातीं 600 उरतात. पांच वॅटचे चार दिवे पांच तास जाळले तर 100 लागतात. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालविला तर 200. हजार वॅटचें वातानुकूलन यंत्र मात्र छत्तीस मिनिटांत सर्व संपवितें! त्याकरितां जनित्र किंवा बाहेरची वीज हवी. आणि डिसेंबरांत अकोल्याच्या डोंगरांत ब्लँकेट लागतें, थंड वारा नव्हे. चिरंजीवांनीं उत्तर लिहिलें व पेन्सिल खालीं ठेवली.

चौथा प्रश्न शौचाचा. आणि येथें मोठी गाडी खरोखरच सरस आहे, हें कबूल केलें पाहिजे. लहान गाडींत आम्हीं उचलून नेण्याजोगें शौचपात्र व पडदा अशी सोय करून घेतली. त्याच्या तळाचा डबा घट्ट झांकणाचा असतो. तो शौचालयांतच रिता करावा, ओढ्यांत कदापि नव्हे. भंडारदऱ्याचें विल्सन धरण 1926 पासून प्रवरेचें पाणी साठवीत आहे, व त्याच पाण्यावर खालचीं शेतें व गांवें जगतात.

विकत घेऊं इच्छिणाऱ्या पालकांनीं कायदाही पाहावा. साडेसात हजार किलोपर्यंतचें वाहन हलक्या वाहनांत मोडतें. त्यापुढें निराळा परवाना लागतो. तसेंच मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें, मूळ बनावटीशीं विसंगत असे फेरफार मनास येईल तसे करतां येत नाहींत.

आम्हीं लहान गाडी घेतली. पलंग चार होते. आम्ही स्वतः अंगणांत तंबू ठोकून निजलों. पहिल्याच रात्रीं मुलांनीं हात धुण्यांत टाकी संपविली, व पहांटे आम्हांस बादल्या वाहाव्या लागल्या. गाडीची पायरी उंच पडली, म्हणून घरचा लांकडी पाट खालीं ठेवावा लागला. परंतु त्या पाटावर पाय ठेवून मातुश्री आपल्या माहेरच्या दाराशीं स्वतःच्या पायांनीं उतरल्या. उंबऱ्यावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बाळ, दारापर्यंत आणलेंस."

मोठी गाडी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. रस्ता रुंद, मुक्काम एकाच जागीं आठ-दहा दिवसांचा, बाहेरून वीज मिळण्याची सोय, किंवा बरोबर अंथरुणास खिळलेला रोगी असेल तर तीच घ्यावी. परंतु गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं घरीं बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या : कोणास न्यावयाचें, कोठपर्यंत न्यावयाचें, व तेथें काय आधींच आहे. परततांना लोणीजवळ ऊसतोडणीच्या बैलगाड्यांची रांग लागली. पाथर्डी-शेवगांवकडचीं कितीएक कुटुंबें हंगामभर अशाच गाडीवर संसार लादून असतात; तें सुखाकरितां नव्हे, पोटाकरितां. आमच्या कन्येनें एका गाडींतील वस्तु मोजल्या, व पुढील सर्व वाटेंत पाणी जपून वापरलें.