दंतवैद्यकी : हुनर हाताचा, हिशेब व्यापाराचा

कापडाच्या पेढीवर बसणारे आम्ही दंतवैद्यकीवर लिहायला निघालो, म्हणून वाचक बंधू हसतील. पण आमच्या थोरल्या भावाची मुलगी दंतवैद्य झाली आणि तिच्या शिक्षणाचा, दवाखान्याचा खर्च आमच्याच रोजमेळात लिहिला गेला. त्या हिशेबात आम्ही एकदा चांगलेच फसलो. बारावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक विचारतात, "एम.बी.बी.एस.ला नंबर नाही लागला, तर बी.डी.एस.ला घालू का?" त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट अशी, की हे शिक्षण म्हणजे उरलेला तुकडा नव्हे. त्याला वेगळा हात लागतो. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला मेणाच्या वडीतून हुबेहूब दात कोरावा लागतो. धातूची टोपी ओतायची जुनी रीत सोनारासारखीच: मेणाचा नमुना, त्याभोवती साचा, मेण जाळून टाकायचे आणि त्या जागी धातू ओतायचा. ज्या घरात जरदोजी, घड्याळदुरुस्ती किंवा सोनारकाम चालते, त्या घरच्या मुलाला बारीक कामाची सवय असते. या धंद्यात ते भांडवलच आहे.

भारतातले पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात निघाले. ते काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकीची पदवी घेऊन आले होते. कॉलेजचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवले. पुढे 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि आज ते कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुकानाच्या गल्ल्यावर कॉलेज उभे राहिले, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रवेश कसा मिळतो?

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे. त्यानंतर 'नीट' ही 720 गुणांची एकच परीक्षा. त्यांपैकी निम्मे, म्हणजे 360 गुण जीवशास्त्राचे. उत्तर बरोबर आले तर चार गुण मिळतात, चुकले तर एक कापला जातो. ही परीक्षा 2018 पासून उर्दूतूनही देता येते, मराठीतून तर त्याआधीपासून. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मात्र पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीत असते. तेव्हा उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी आठवी-नववीपासूनच इंग्रजी वाचनाची सवय लावावी.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तर मुंबई महापालिकेचे नायर आहे. तिथली फी सामान्य घराला झेपणारी, पण जागा थोड्या. खासगी कॉलेजांची फी वर्षाला काही लाखांत जाते. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला हे अल्पसंख्याक दंत महाविद्यालय आहे. पण अल्पसंख्याक कोटा असो की व्यवस्थापनाचा, नीटच्या गुणांशिवाय कुठलाच दरवाजा उघडत नाही.

आम्ही फसलो ते इथेच. 2016 साली पुतणीला गुण कमी पडले. एक दलाल पेढीवर येऊन बसला आणि "सीट पक्की, बयाणा द्या" म्हणाला. कापडात बयाणा देऊन माल पक्का होतो, त्या सवयीने आम्ही पन्नास हजार मोजले. ना पावती, ना सीट. पैसे बुडाल्यावर मुलगी म्हणाली, "चाचा, मला एक वर्ष द्या." पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली आणि गुणवत्ता यादीतून तिला खासगी कॉलेजात जागा मिळाली. जे वर्ष आम्ही पैसे देऊन वाचवायला निघालो होतो, ते तिने अभ्यास करून कमावले.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. मग राज्य दंत परिषदेत नोंदणी. तिच्याशिवाय दवाखाना चालवता येत नाही. दात सरळ करणे, हिरड्यांचे रोग किंवा जबड्याची शस्त्रक्रिया यांत तज्ज्ञ व्हायचे तर एम.डी.एस.ची आणखी तीन वर्षे.

दवाखान्याचे गणित

पदवी हातात आली म्हणजे कमाई सुरू झाली, असे कोणी समजू नये. पुतणीने आधी एका अनुभवी डॉक्टरांकडे वर्षभर काम केले. 2024 साली आमच्याच गाळ्यात दवाखाना टाकला. खुर्ची, कॉम्प्रेसर, हत्यारे निर्जंतुक करण्याचे यंत्र, एक्स-रे आणि फर्निचर धरून नऊ लाख लागले. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, जैव कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार, हा खर्च वेगळाच. गाळ्याचे भाडे नव्हते, तरी पहिले वर्ष जेमतेम बरोबरीत सुटले. भाडे असते तर तोटाच होता.

उधारीचेही समजून घ्यावे. कापड उधारीवर गेले तर उरलेले थान परत मागता येते. भरलेला दात परत मागता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीचे पैसे त्याच फेरीला घ्यायचे, असा नियम आम्ही तिला पहिल्या दिवशीच घालून दिला.

आखातात जायचे असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची परवाना परीक्षा द्यावी लागते; नुसत्या पदवीवर काम मिळत नाही. ज्यांना बी.डी.एस. झेपत नाही, त्यांच्यासाठी डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कवळ्या आणि टोप्या बनवणारी लॅब हाच माणूस चालवतो. त्याला रुग्णाच्या तोंडात काम करता येत नाही, पण प्रत्येक दवाखान्याला त्याची गरज असते. कारागिरांच्या मुलांनी इकडे जरूर पाहावे.

कमाईपलीकडची एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी एक लूम कामगार दाढ दुखते म्हणून पुतणीकडे आला. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण त्याच्या खिशात पुडी होती. गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून तिने दाढेला हात लावला नाही, त्याला थेट मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. रोग कॅन्सरचाच निघाला, पण सुरुवातीचा. आज तो माणूस पुन्हा लूमवर उभा आहे. आपल्या मोहल्ल्यात दातांचा डॉक्टर का हवा, ते आम्हाला त्या दिवशी कळले.

तेव्हा पालकांनी एवढे करावे. मुलाला आठ दिवस एखाद्या दवाखान्यात नुसते बसवून पाहावे. रक्त आणि लाळ पाहून तो मागे सरला, तर जबरदस्ती करू नये. पाच वर्षांची फी आणि दवाखान्याचा खर्च कागदावर मांडावा. आणि बयाणा मागणारा कोणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.