खवट चरबी चालवून घेणारी भुकटी

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाच्या जंगलात पावसाळा तोंडावर आला की मोहाच्या बिया गोळा होतात. त्यांना ओल लागली की तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात. कधी वीस टक्क्यांपर्यंत. खाटिकखान्यात पडून राहिलेल्या चरबीचे दुखणेही हेच. अशा मालाचे बायोडिझेल करायला घेतले की हाती साबणच जास्त येतो.

नेहमीची रीत सोपी आहे. टनभर चरबीत सुमारे शंभर किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून साठ-पासष्ट अंशांवर ढवळायचे. जवळपास टनभर बायोडिझेल आणि शंभर किलो ग्लिसरीन मिळते. पण माल खवट असला तर सोडा आधी आम्लांना भिडतो आणि साबण होतो. मग धुणे आले, सांडपाणी आले, आणि सोडा तर वायाच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी, दर्भा श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर घन उत्प्रेरक शोधला. 2006 साली त्यांनी त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हा उत्प्रेरक म्हणजे लोह आणि जस्त यांच्या दुहेरी सायनाइडची भुकटी. तिच्या पृष्ठभागावरचे जस्ताचे अणू अभिक्रिया घडवतात, आणि तो पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. म्हणून ओलसर, आम्लयुक्त चरबीतही ती काम करते: चरबी आणि आम्ले दोन्हींचे एकाच भांड्यात इंधन होते. काम झाले की गाळून काढायची, पुन्हा वापरायची. साबण नाही, म्हणून ग्लिसरीनही स्वच्छ. माझ्या मते या शोधाचे मोठेपण वेगात नाही. बाजारात कुणी विचारत नाही असा माल ही भुकटी पदरात घेते, यात आहे. पुढे बेनेफ्युएल या अमेरिकी कंपनीने ही प्रक्रिया नेब्रास्कातल्या बीट्रिसपर्यंत नेली.

मात्र या प्रक्रियेला सुमारे 170 अंश तापमान आणि दाब सोसणारे बंद भांडे लागते, आणि मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असते. हे काम गावच्या अंगणातले नव्हे. चरबीपासूनचे इंधन थंडीत घट्टही होते. गोंदियात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा ते साध्या डिझेलमध्ये थोडेच मिसळावे लागेल. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने प्राण्यांची चरबी बायोडिझेलचा कच्चा माल मानली असून 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे. दरेकसा मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. चरबी वितळवून, गाळून, पाणी उडवून डब्यांत भरायची आणि कारखान्याला पाठवायची, एवढे काम इथे नक्की होऊ शकते.