अकोल्यांत दडलेला कोआला

ज्या घरांत भेंड्या लावण्याची चाल आहे, त्या घरांतील मुलांस एक गोष्ट न शिकवितां येते. श्लोकाच्या शेवटच्या अक्षरावरून दुसरा श्लोक आठवावयाचा, म्हणजे पाठ केलेला ठेवा निराळ्या वाटेनें उघडावयाचा. इंग्रजीच्या बाबतींत असा खेळ आमच्या घरांतून क्वचितच दिसतो. महाराष्ट्रांत इ. स. 2000 पासून मराठी शाळांतूनहि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले. तथापि दर्यापुरासारख्या तालुक्याच्या गांवीं स्पेलिंग म्हणजे घोकंपट्टी हा समज अद्याप गेलेला नाहीं. मूल 'बी-यू-टी बट, पी-यू-टी पुट' असें घोकतें, एकाच यूचे उच्चार दोन कां हें विचारण्याची सोय नसते, आणि अखेर त्या भाषेची धास्ती घेतें. ही धास्ती घालविण्यास उपयोगी असा एक बिनखर्चाचा खेळ आम्ही येथें सुचवीत आहों. कांहीं ठराविक इंग्रजी अक्षरें घ्यावीं, व त्यांतून होतील तितके शब्द शोधावे.

नियम एकच. दिलेलें अक्षर जितक्या वेळां दिलें असेल तितक्याच वेळां वापरावयाचें. सगळींच वापरलीं पाहिजेत असें नाहीं. आरंभ आपल्या वऱ्हाडांतील गांवांपासून करावा, म्हणजे मुलास अक्षरें परकीं वाटत नाहींत. अकोला हें नांव इंग्रजींत ए-के-ओ-एल-ए असें लिहितात. हींच पांच अक्षरें हालवून के-ओ-ए-एल-ए अशीं मांडलीं कीं 'कोआला' हा शब्द तयार होतो! एकहि अक्षर उणें नाहीं, एकहि अधिक नाहीं. कोआला हा निलगिरीच्या जातीच्या झाडांचा पाला खाऊन राहणारा ऑस्ट्रेलियांतील प्राणी; त्याचें नांवहि तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून इंग्रजींत आलेलें आहे.

अमरावतींत याहून मौज आहे. ए-एम-आर-ए-व्ही-ए-टी-आय या आठ अक्षरांत ए तीनदां येतो. तीन ए, व्ही, टी व आर मिळून इंग्रजी 'अवतार' होतो, आणि हा शब्द तर इंग्रजांनीं आपल्या संस्कृतांतूनच उचललेला! त्याच नांवांत 'टिआरा' म्हणजे मुकुटहि दडलेला आहे. इंद्राच्या राजधानीचें नांव मिरविणाऱ्या नगरींत मुकुट सांपडावा, हें योग्यच म्हटलें पाहिजे.

आमचें दर्यापूरहि मागें नाहीं. डी-ए-आर-वाय-ए-पी-यू-आर यांतून यार्ड, प्रे, ड्राय, पे, डे असे शब्द मुलें चटकन् काढतात. जरा विचार केल्यावर पी-यू-आर-आर, म्हणजे मांजराचें घुरघुरणें, हा शब्द निघतो; आणि सर्वांत शेवटीं ए-आर-आर-ए-वाय. त्याचा उच्चार आपल्या हाक मारण्याच्या 'अरे'सारखाच असल्यामुळें मुलें हंसतात. अर्थ मात्र 'व्यवस्थित मांडणी' असा आहे. या खेळाचें सारें मर्म त्या मांडणींतच आहे.

कारण नुसतीं अक्षरें हालवीत बसल्यास काम भागत नाहीं. भास्कराचार्यांनीं शके 1072 मध्यें पूर्ण केलेल्या ग्रंथांतील 'लीलावती' आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या अंकपाश नांवाच्या प्रकरणांत अशाच मांडण्यांचें गणित सांगितलें आहे. चार हातांतील चार आयुधें बदलून विष्णूच्या मूर्ति 24 प्रकारच्या होतात, तर दहा आयुधांमुळें शंकराच्या 36,28,800 होतात, हें उदाहरण तेथलेंच. सारखे अंक पुनः आले असतां काय करावें, तेंहि आचार्यांनीं सांगून ठेविलें आहे. तो हिशेब लावला म्हणजे अकोल्याच्या पांच अक्षरांच्या मांडण्या 60, अमरावतीच्या 6,720 व दर्यापूरच्या 10,080 भरतात. इतक्यांतून एक कोआला किंवा एक अवतार हुडकावयाचा, तर कांहीं युक्ति हवी.

पहिली युक्ति अशी कीं, स्वर व व्यंजनें निराळीं लिहावीं. इंग्रजींत ए, ई, आय, ओ, यू हे पांच स्वर; वाय कधीं स्वराचें काम करतो, कधीं व्यंजनाचें. दुसरी युक्ति, एकमेकांच्या शेजारीं बसण्यास आवडणारीं अक्षरें ओळखावीं. पी-आर, डी-आर, टी-आर, एस-टी या जोड्या शब्दारंभीं पुष्कळ येतात. ए-वाय ही जोडी शब्दाच्या शेवटीं शोभते. तिसरी युक्ति, कोणतें अक्षर किती चालतें हें ध्यानांत ठेवावें. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन गृहस्थानें इ. स. 1930 नंतरच्या दशकांत वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजून शब्दांचा एक खेळ रचला. 1948 पासून तो 'स्क्रॅबल' या नांवानें विकला जाऊं लागला. त्याच्या 100 सोंगट्यांत ईच्या 12 आहेत, क्यू व झेड यांची एकेकच. आमच्या वरील तीनहि गांवांच्या नांवांत ई नाहीं! दर्यापुरास एक ई उसना देऊन पाहावा, म्हणजे त्याचें माहात्म्य कळेल. रीड, इयर, परेड, प्रेयर हे शब्द तत्काळ उभे राहतात. इतकेंच नव्हे, तर 'ड्रेपरी' हा सात अक्षरांचा शब्दहि हातीं लागतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोश ज्या क्रमानें लावलेला असेल, त्याच क्रमाच्या प्रश्नांचीं उत्तरें तो देतो. नेहमींचा इंग्रजी कोश पहिल्या अक्षरानें चालतो. शेवट ठाऊक असून आरंभ ठाऊक नसेल तर तो मुका होतो. ही अडचण आमच्या कोशकारांनीं पूर्वींच जाणली होती. अमरकोश बहुतांशीं अर्थाच्या वर्गांनीं लावलेला आहे; परंतु त्यांतील नानार्थवर्ग, आणि पुढें मेदिनीकोश, हे शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाच्या क्रमानें लाविले गेले. इंग्रजींत जॉन वॉकर यानें 1775 मध्यें उलट्या बाजूनें लावलेला कोश काढला, तो याच जातीचा. आमच्या खेळास तिसराच क्रम लागतो. शब्दाचीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें मांडावीं, हीच त्याची किल्ली. अकोला घ्या कीं कोआला घ्या, किल्ली एकच: ए-ए-के-एल-ओ. 'स्टॉप'ची किल्ली ओ-पी-एस-टी. तीच पोस्ट, स्पॉट, पॉट्स, टॉप्स व ऑप्ट्स यांची. मुलानें एका वहींत डावीकडे किल्ल्या व उजवीकडे शब्द लिहीत जावें. वर्षभरांत त्याचा स्वतःचा असा एक कोश तयार होतो, व प्रत्येक शब्द लिहितांना त्याचें प्रत्येक अक्षर एकदां तपासलें जातें. घोकून जें स्पेलिंग आठ दिवसांत विरतें, तें अशा रीतीनें हाताखालून गेलें म्हणजे टिकतें, असा आमचा अनेक वर्षांचा वर्गांतील अनुभव आहे. मागच्या बाकावरील जीं मुलें इंग्रजीच्या तासास मान वर करीत नसत, तीं ओ-ए-के 'ओक' एवढा एक शब्द सांपडला तरी उभीं राहत.

कोणी म्हणेल कीं, आज मोबाइलमध्यें अक्षरें घातलीं कीं सारे शब्द क्षणांत पुढें येतात. मग हा उपद्व्याप कशास? यंत्र तरी काय करतें? पुष्कळदां हीच किल्ली बनवून आपल्या सांठ्यांत पाहतें. तें शब्द देतें, पण शोधण्याची संवय देत नाहीं; ती ज्याची त्यासच लावून घ्यावी लागते. म्हणून आधीं मुलानें शोधावें, मग यंत्रास विचारून कोणते शब्द राहिले तें पाहावें. मात्र ज्या शब्दाचा अर्थ सांगतां येत नाहीं, तो सांपडला असें धरूं नये.

या खेळांत माजघरास परकें वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे कमल व कलम, नदी व दीन, नव व वन अशा जोड्या आज्यांपासून नातवंडांपर्यंत सर्वांस सुचतात. फरक इतकाच कीं, आपल्या अक्षरांत स्वर व्यंजनास चिकटून येतो व इंग्रजींत तो सुटा उभा असतो. हा भेद मुलास एकदां समजला म्हणजे इंग्रजी स्पेलिंगचें निम्मे कोडें सुटलें. ज्या मातोश्रींस इंग्रजी फारसें येत नसेल, त्यांनीं किल्लीची वही हातीं घेऊन अक्षरें तपासावीं. सव्वीस अक्षरें ओळखण्यापलीकडे त्यास विद्वत्ता लागत नाहीं. जेवणें आटोपल्यावर पाव घटका एवढाच वेळ द्यावा. आरंभास मूर्तिजापूर घ्यावें. एम-यू-आर-टी-आय-झेड-ए-पी-यू-आर या दहा अक्षरांत काय काय दडलें आहे, तें आमच्या बालवाचकांनींच शोधून काढावें.