बोट लागणाऱ्यांची पहिली क्रूझ

मराठीत गाडी 'लागते', तशीच बोटही 'लागते'. माझ्या आईला दोन्ही लागायच्या. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीच्या तिच्या आठवणीत समुद्र जवळपास नाहीच. आहे ती बादली, मुठीतलं लिंबू आणि बंदराबाहेर बोट थांबल्यावर हेलकावणाऱ्या पडावात उतरवताना खलाशानं धरलेलं बखोट. तीच आई पंचाहत्तरीत "एकदा त्या क्रूझवर जाऊन येऊ" म्हणाली, तेव्हा मी आधी थक्क झालो आणि मग माहितीपत्रकं गोळा करायला लागलो.

माहितीपत्रकांत पोहण्याचे तलाव होते, कॅसिनो होता, किती प्रकारची रेस्टॉरंटं ते होतं. जहाज कुठल्या पाण्यातून जाणार, याबद्दल चकार शब्द नव्हता. ज्यांना बोट लागते त्यांनी नेमकं तेच आधी विचारायचं. आधी पाणी, मग महिना, मग खोली. जहाजाचं नाव सगळ्यात शेवटी.

बोट लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बंद खोलीत डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. कान सांगतो, आपण वरखाली होतोय. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि शिक्षा पोटाला होते. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना बोट लागतच नाही. सगळ्यात वाईट असतो तो संथ, वरखाली होणारा हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक. त्याहून जलद धक्के माणूस बरे सोसतो. धीटपणाचा इथे काही संबंध नाही. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 'बीगल' या जहाजावर होता आणि समुद्र खवळला की आडवा व्हायचा. अशा दिवसांत त्याच्या पोटात टिकायच्या त्या मनुका. वय वाढतं तशी ही खोड बहुतेकांची कमी होते. म्हणजे लहानपणीच्या अनुभवावरून आजचा निकाल लावू नये.

मोठ्या जहाजांच्या पोटाशी माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. विक्रेते ते अभिमानानं सांगतात. पण हे पंख जहाजाचं डावीउजवीकडे डोलणं आवरतात. पुढून-मागून होणारी उठबस त्यांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून पाणीच शांत हवं.

शांत पाणी कुठे मिळतं? नदीवर तर हमखास. इजिप्तमध्ये लक्सर ते अस्वान हा नाईलचा तीन-चार रात्रींचा प्रवास बोट लागणाऱ्यांना अगदी सोयीचा. वाटेत इस्नाला पाणकुलपातून (लॉकमधून) बोट वर चढते तेवढीच काय ती हालचाल. मात्र गुडघे दुखत असतील तर दुसरी कटकट आहे: काठाला बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि किनारा गाठायला तीन-चार परक्या बोटींतून चालत जावं लागतं. लिफ्टही सगळ्या बोटींवर नसते. समुद्रच हवा असेल, तर सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणारी छोटी सफर घ्यावी. एका बाजूला मलाय द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, मध्ये आडोशाचं पाणी. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्यांना अलास्काचा मोह होतो. तिथे बेटांच्या आतून जाणारा 'इनसाइड पॅसेज' शांत असतो, पण सिएटलहून सुटणारी पुष्कळ जहाजं जाताना व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकुव्हरहून सुटणारं जहाज बघावं. आपल्या मुंबई-गोवा वाटेवर अरबी समुद्र डिसेंबर ते फेब्रुवारीत बहुधा निवलेला असतो. पावसाळा आणि त्याच्या पुढे-मागे लागून येणारे वादळाचे आठवडे टाळावेत.

आता खोली. इथे गंमत अशी, की महाग ते वाईट. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, बाल्कनीवाली खोली सगळ्यात जास्त झुलते. बागेतला सी-सॉ आठवा: टोकाला बसलेलं पोर उडतं, मधला खिळा जागचा हलत नाही. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. जमल्यास खिडकीची, कारण क्षितिज दिसलं की डोळ्यांचं नि कानाचं भांडण मिटतं. 'खोली कंपनी ठरवेल' असा स्वस्त पर्याय असतो, त्याच्या नादी लागू नये.

एक प्रश्न हमखास राहून जातो: जहाज धक्क्याला लागणार, की समुद्रात नांगर टाकून छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेणार? लक्षद्वीपला होडीच. म्हणजे आईचा तो पडाव पुन्हा आलाच. मोठ्या जहाजावर ठणठणीत राहिलेला माणूस त्या दहा मिनिटांत आडवा होतो, शिवाय हलत्या होडीत पाय टाकायचा तो वेगळाच.

औषधाचं मात्र शेजाऱ्यांना विचारून ठरवू नये. प्रोमेथाझिन, मेक्लिझिनसारख्या गोळ्या गुणकारी आहेत, पण ज्येष्ठांना त्यांनी गुंगी येते, तोल जातो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत. गोळी घ्यायची ती उलटी सुरू होण्याच्या आधी, आणि शक्यतो घरीच एका संध्याकाळी घेऊन बघावी, म्हणजे किती झोप येते ते कळतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन वर जेवण पोटात टिकलं नाही, तर साखर खाली जाऊ शकते. त्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. आल्याच्या वड्या जवळ असाव्यात, काहींना त्यांचा खरंच उपयोग होतो.

आम्ही शेवटी सिंगापूरची तीन रात्रींची सफर घेतली, खोली मधल्या भागातली, खालच्या मजल्याची. पहिल्या संध्याकाळी आईनं विचारलं, "अरे, सुटली का बोट?" तेव्हा किनारा दिसेनासा होऊन तास झाला होता. लिंबू पर्समध्ये तसंच राहिलं. ते कामी आलं मुंबई विमानतळावरून पुण्याला येताना, खंडाळ्याच्या घाटात. टॅक्सी लागली.